खोबणीत बसते, पण जुळते का?

दुकानात हार्ड डिस्क मागितली की काउंटरपलीकडून दोन प्रश्न येतात. किती टीबीची, आणि कोणत्या कंपनीची? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तिसराही येतो, बिल हवं का. ही डिस्क एकटीच एखाद्या पीसीत चालणार, की आणखी तीन डिस्कांच्या मांडीला मांडी लावून वर्षाचे बारा महिने चालू राहणाऱ्या डब्यात बसणार, हे मात्र कोणी विचारत नाही, आणि गिऱ्हाईकही आपणहून सांगत नाही. केबल सारखी, खोबण सारखी, स्क्रूची भोकंही जवळजवळ सारखी. मग विचारायचं काय? पुढच्या पानांचा सगळा उद्योग त्या न विचारलेल्या प्रश्नाभोवती आहे.

घरचा स्टोरेज सर्व्हर, म्हणजे नॅस, ही काही मोठी चीज नाही. राउटरला केबलने जोडलेला एक लहान संगणक, त्यात दोन ते आठ हार्ड डिस्क, आणि घरातल्या प्रत्येक फोनला नि लॅपटॉपला तिथल्या फायली दिसाव्यात एवढी सोय. कुणी सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपचा तयार डबा आणतं, कुणी जुन्या पीसीवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट चढवतं, तर कुणी रास्पबेरी पायला यूएसबीची डिस्क जोडून भागवतं. हा आता नुसत्या हौशी लोकांचा खेळ राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी लग्नांचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्याकडे एका सीझनमध्ये कित्येक टीबी फुटेज साठतं. घराघरांत मुलांचे फोटो आहेत, सातबाऱ्याचे आणि खरेदीखतांचे स्कॅन आहेत, कॅसेटवरून उतरवून घेतलेला आजोबांचा आवाज आहे. ‘क्लाउडवर टाका’ म्हणायला काय जातं! दर महिन्याचं भाडं आणि गावाकडचा अपलोडचा वेग पाहिला की माणूस आपसूक डब्याकडे वळतो.

या डब्यासाठी डिस्क निवडताना ‘कंपॅटिबल आहे का?’ आणि ‘फास्ट आहे का?’ असे दोन वेगळे प्रश्न विचारायची पद्धत आहे. कंपॅटिबिलिटीचं उत्तर कंपनीच्या यादीत शोधायचं, वेगाचं खोक्यावर. माझं म्हणणं असं, की घरच्या सर्व्हरमध्ये हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. शेजारची डिस्क मेली, तिच्या जागी नवी घातली आणि सगळा डेटा पुन्हा उभा करायची, म्हणजे रीबिल्डची, वेळ आली की ही डिस्क कशी वागते, यात दोन्हींचं उत्तर असतं. एरवी कोणतीही डिस्क चालते. सिनेमा दिसतो, फोटो उघडतात, सगळं छान वाटतं. परीक्षा त्या एका दिवशी असते, आणि तो एक दिवस हल्ली एका दिवसात संपत नाही.

तो का संपत नाही, हे आधी पाहू. स्वस्तातल्या अनेक लहान डिस्क एकत्र बांधायच्या आणि त्यांतली एक गेली तर उरलेल्यांवरून तिच्यातला मजकूर गणिताने परत काढायचा, ही ‘रेड’ची कल्पना. १९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ती निबंधातून मांडली, तेव्हा डिस्क मेगाबाइटांत मोजल्या जात. पहिली १ टीबीची डिस्क हिताचीने २००७मध्ये आणली. २०२४मध्ये सीगेटने ३० टीबीपर्यंतच्या डिस्क जाहीर केल्या. सतरा वर्षांत क्षमता तीसपट झाली, पण सलग वाचण्या-लिहिण्याचा वेग तिपटीच्या आसपासच वाढला. याचा हिशेब कागदावर करून पाहावा. १६ टीबीची डिस्क सरासरी सेकंदाला २०० एमबी वेगाने या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहायची तर ८०,००० सेकंद लागतात, म्हणजे बावीस तासांहून जास्त. तेही घरात कुणी सर्व्हरला हात लावत नसेल, उरलेल्या सगळ्या डिस्क निरोगी असतील आणि मधली वाट मोकळी असेल, तर. या बावीस तासांत उरलेल्या डिस्कांना कधी नव्हे एवढं काम पडतं. त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच लॉटमधून आलेल्या असतात. एक गेली तेव्हा बाकीच्याही तेवढ्याच म्हाताऱ्या झालेल्या असतात.

आता एक खरी घडलेली गोष्ट. वेस्टर्न डिजिटल म्हणजे डब्ल्यूडीची ‘रेड’ (लाल या अर्थी, वरचं रेड नव्हे) ही मालिका खास अशा घरगुती सर्व्हरसाठी विकली जात होती. एप्रिल २०२०मध्ये ‘ब्लॉक्स अँड फाइल्स’ या ब्रिटिश प्रकाशनाने उघडकीला आणलं, की या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कांची लिहिण्याची पद्धतच कंपनीने बदलली होती, आणि खोक्यावर त्याचा उल्लेख नव्हता. ४ टीबीच्या जुन्या मॉडेलचा क्रमांक ‘ईएफआरएक्स’ने संपायचा, नव्याचा ‘ईएफएएक्स’ने. एका अक्षराचा फरक. गंमत म्हणजे कागदावर नवी डिस्क जास्त चांगली दिसत होती, कारण जुनीत कॅशे ६४ एमबी होता आणि नवीत २५६ एमबी.

बदललेली पद्धत शिंगल्ड रेकॉर्डिंगची, म्हणजे एसएमआर. डिस्कच्या तबकडीवर लिहिणारं हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असतं. नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, प्रत्येक ट्रॅकला लिहिणाऱ्या हेडच्या रुंदीएवढी जागा सोडतात. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. वाचायला पातळ पट्टी पुरते, म्हणून तेवढ्याच तबकडीवर जास्त मजकूर मावतो. पण छपरातलं मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्या वरची ओळ उचलावी लागते, तसंच इथे मधलं काही बदलायचं म्हणजे त्यावर चढलेले पुढचे ट्रॅकही पुन्हा लिहिणं आलं. ही गैरसोय झाकायला डिस्कवर नेहमीच्या पद्धतीचा एक राखीव पट्टा असतो. येणारं लेखन आधी तिथे उतरतं आणि डिस्क रिकामी असली की सावकाश योग्य जागी जातं. पाच-दहा जीबीच्या फायली टाकणाऱ्याला फरकच कळत नाही. बहुतेक खरेदीदारांना कळला नाही तो याचमुळे.

तास न् तास सलग लेखन आलं की मात्र राखीव पट्टा भरतो, आणि रीबिल्ड म्हणजे नेमकं तेच. ‘सर्व्ह द होम’ या संकेतस्थळाने झेडएफएस या फाइलसिस्टिमवर चार डिस्कांचा संच मांडून एक डिस्क बदलून पाहिली. सीएमआर डिस्कांनी हे काम सतरा तासांच्या आत उरकलं. ४ टीबीच्या एसएमआर ‘रेड’ला नऊ दिवसांहून जास्त लागले. त्या नऊ दिवसांत दुसरी डिस्क गेली असती तर? इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण त्या वेळच्या आरडाओरड्यात तो हरवला. लिनक्सचं साधं रेड डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत ओळीने लिहीत जातं. एसएमआरला ते त्यातल्या त्यात सोसतं. झेडएफएस फक्त वापरातला मजकूर उभा करतं आणि त्याचं लेखन विखुरलेलं असू शकतं. म्हणून तीच डिस्क एका घरात कुरकुरत का होईना पार पडायची आणि दुसऱ्या घरात हात टेकायची. डिस्क आणि फाइलसिस्टिम यांची जोडी जुळते की नाही, हा कंपॅटिबिलिटीचा प्रश्न खोबणीत बसवून कधीच सुटला नसता. २०२०मध्येच डब्ल्यूडीने मालिका विभागली. एसएमआर डिस्क ‘रेड’ राहिल्या, सीएमआर डिस्कांना ‘रेड प्लस’ नाव मिळालं. सीगेट आणि तोशिबाही काही डेस्कटॉप मॉडेलांत एसएमआर न सांगता विकत होत्या, हे त्याच सुमारास बाहेर आलं. आता तिन्ही कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हे शोधलं की सापडतं. शोधावं मात्र लागतं.

दुसरा स्वभावदोष याहून जुना आणि जास्त घातकी आहे. डिस्कवरचा एखादा सेक्टर वाचता आला नाही तर डिस्क काय करते? डेस्कटॉपची डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण या मजकुराची दुसरी प्रत कुठे असेल असं तिला मानता येत नाही. रेडमधल्या डिस्ककडून अपेक्षा उलट असते. तिने साधारण ७ सेकंदांत हात वर करावेत आणि ‘मला वाचता येत नाही’ असं स्वच्छ सांगावं. मग सर्व्हर उरलेल्या डिस्कांवरून तो तुकडा काढतो आणि त्या डिस्कवर परत लिहितो. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कांत ही मर्यादा कारखान्यातूनच लावलेली येते. कुणी तिला टीएलईआर म्हणतं, कुणी ईआरसी.

ती नसली तर प्रसंग असा घडतो. लिनक्स डिस्कच्या उत्तराची ३० सेकंद वाट पाहतो. डिस्क आपल्या प्रयत्नांत गर्क असते, हाकेला ओ देत नाही. लिनक्स जोडणी रीसेट करून पाहतो, तरी उत्तर नाही. शेवटी डिस्क मेली असं समजून तिला संचाबाहेर काढलं जातं. वस्तुतः डिस्क धडधाकट असते, आठ टीबींतला चार केबीचा एक तुकडा तेवढा खराब असतो. मग मालक घाईघाईने नवी डिस्क घालतो, रीबिल्ड सुरू होतं, उरलेल्या डिस्क पहिल्यांदाच टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात, आणि त्यांतल्या एखादीत वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फोटोखाली असाच एक सेक्टर दबा धरून बसलेला असतो. तीही गप्प होते, तीही बाहेर निघते. दोन डिस्क ‘गेल्या’, संच कोसळला, आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे खेटे सुरू झाले. हार्डवेअर सगळं जवळजवळ ठीक असताना डेटा घालवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. उपाय फुकट आहेत. काही डेस्कटॉप डिस्कांना ‘स्मार्टसीटीएल’ या साधनाने ही मर्यादा लावता येते, पण वीज गेली की बहुतेक डिस्क ती विसरतात, म्हणून दर वेळी सर्व्हर सुरू होताना लावावी लागते. ज्या डिस्क ऐकतच नाहीत त्यांच्यासाठी लिनक्सची वाट पाहण्याची मुदत ३०वरून १८० सेकंदांवर न्यावी. आणि महिन्यातून एकदा सगळा संच मुद्दाम वाचून काढावा. त्याला स्क्रब म्हणतात. दबा धरून बसलेले सेक्टर शांततेच्या काळात सापडलेले बरे.

वेगाबद्दल मी थोडक्यात आवरणार आहे, कारण त्याची चर्चा फार होते आणि तिचा उपयोग कमी. गिगाबिट केबलमधून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात. आजची कोणतीही ३.५ इंची डिस्क तबकडीच्या बाहेरच्या कडेला २०० एमबीच्या आसपास सहज देते आणि आतल्या कडेला त्याच्या निम्म्याजवळ येते. म्हणजे एकटी डिस्कसुद्धा बहुतेक वेळ केबलच्या पुढेच असते. वायफायवरून पाहणाऱ्याने तर हा विषयच सोडावा. ७२०० फेऱ्यांची डिस्क ५४००वालीपेक्षा कुठे पुढे जाते? लहान लहान फायलींत. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते. ७२००वर ते ४.२ मिलिसेकंद, ५४००वर ५.६. त्यात हेड सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले की दोघी सेकंदाला शंभरच्या आतच कामं करतात. हजारो फोटोंची छोटी चित्रं उघडताना सर्व्हर रांगतो तो यामुळे. त्यावर इलाज म्हणजे जास्त रॅम किंवा त्या छोट्या चित्रांपुरता एखादा एसएसडी. जास्त आवाजाची, जास्त तापणारी, जास्त वीज खाणारी ७२००वाली डिस्क घेऊन फारसं काही साधत नाही.

वेगाची एकच जागा खरोखर अडते, आणि ती डिस्कमध्ये नसते. मदरबोर्डवर सॅटाचे पोर्ट संपले की लोक बाजारातून चार पोर्टांचं स्वस्त कार्ड आणतात. त्यातली कित्येक कार्डं पीसीआय एक्स्प्रेस २.०च्या एकाच लेनवर चालतात. त्या लेनची कागदावरची मर्यादा सेकंदाला ५०० एमबी, हाती येतात ४००च्या आसपास. रोजच्या वापरात हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पुढची गिगाबिट केबलच त्याहून बारीक. रीबिल्डच्या दिवशी चारही डिस्क एकदम धावू लागतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम १०० एमबी येतात. वरच्या हिशेबातले बावीस तास मग चव्वेचाळीस होतात. डिस्क तीच, खोक्यावरचा आकडाही तोच.

आता खोबणीकडे येऊ, कारण अक्षरशः न बसणाऱ्या डिस्कही असतात. सहा टीबीच्या पुढच्या पुष्कळ डिस्कांत तळाची मधली भोकं जागेवर नसतात, त्यामुळे जुन्या कॅडीत चारांपैकी दोनच स्क्रू लागतात. एसएएस जोडणीची, सर्व्हरमधून निघालेली डिस्क स्वस्तात मिळते, पण सॅटाच्या पोर्टला लागत नाही. २.२ टीबीच्या पुढची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागली तर उरलेली जागा दिसतच नाही, म्हणून जीपीटी वापरावी. आणि सगळ्यांत चकवणारा प्रकार विजेच्या पिनचा. सॅटाच्या वीजप्लगमध्ये १५ पट्ट्या असतात. पहिल्या तीन ३.३ व्होल्टसाठी होत्या आणि डिस्कांनी त्या क्वचितच वापरल्या. नव्या प्रमाणात तिसऱ्या पट्टीला वेगळं काम दिलं: तिथे वीज आली की डिस्कने बंद राहायचं, म्हणजे डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करता येते. घरातला जुना एसएमपीएस त्या पट्टीवर इमानेइतबारे ३.३ व्होल्ट देत राहतो आणि नवी कोरी डिस्क हूं की चूं करत नाही. दुकानदार म्हणतो डेड आहे. बाहेरच्या यूएसबी खोक्यातून काढलेल्या मोठ्या डिस्कांच्या बाबतीत हे पुष्कळदा होतं. त्या तिसऱ्या पट्टीवर मिलिमीटरभर रुंदीची कॅप्टॉन टेप, म्हणजे ती पिवळसर, तापमान सोसणारी टेप, चिकटवली की डिस्क फिरू लागते. चिमटा आणि चांगला उजेड घेऊन बसावं, शेजारच्या पट्टीवर टेप गेली तर पुन्हा पहिल्यापासून. मोलेक्सचं कन्व्हर्टर लावूनही भागतं, कारण त्यात ३.३ व्होल्टची तार नसते. पण अखंड प्लॅस्टिकमध्ये ओतलेलं स्वस्त कन्व्हर्टर घेऊ नये. ती आतून शॉर्ट होऊन जळतात.

डिस्क शेजाऱ्यांना ओळखतात, असं म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल, पण एक प्रसंग पाहा. २००८च्या डिसेंबरअखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेगने चालू डिस्कांच्या रॅकसमोर उभं राहून मोठ्याने ओरडून दाखवलं, आणि पडद्यावरच्या आलेखात डिस्कांचा प्रतिसाद तत्क्षणी मंदावला. त्याची चित्रफीत सहज सापडते, जरूर पाहावी. घरात सर्व्हरवर कुणी ओरडत नाही (बहुधा), पण एकाच पत्र्याच्या डब्यात आठ डिस्क फिरत असल्या की त्याच जातीची थरथर सतत चालू असते. नॅससाठीच्या डिस्कांवर ‘आठ बेपर्यंत’ (म्हणजे आठ खोबणींपर्यंत) वगैरे लिहिलेलं असतं त्यामागे हे कारण आहे. महागड्या डिस्कांत ही थरथर जोखून हेड सावरणारे सेन्सर असतात. दोन डिस्कांच्या डब्याला त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

तापमान आणि वीज यांबद्दल परदेशी पुस्तकं आपल्या उपयोगाची नाहीत, म्हणून पुढे त्यांना जागा जास्त दिली आहे. चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते. डिस्क खोलीपेक्षा दहा अंशांनी तरी गरम असते. डब्याची जागा बहुतेक घरांत माळ्यावर किंवा टीव्हीखालच्या बंद कपाटात ठरते, कारण आवाज नको आणि तारा दिसायला नकोत. तिथे हवा खेळत नाही. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यम तापमानाचा आणि बिघाडाचा संबंध समजला जातो तेवढा घट्ट आढळला नाही. तापमान फार चढलं, आणि डिस्कही जुनी असली, तेव्हा मात्र तो दिसला. म्हणून ४० अंशांवर घाबरून जाऊ नये, पण ५० दिसले तर डबा कपाटाबाहेर काढावा. विजेचं म्हणाल तर घरातल्या इन्व्हर्टरवर मागच्या बाजूला बहुधा ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. तो नॉर्मलवर असला तर वीज जाताना पंखे आणि दिवे निभावतात, सर्व्हर मात्र रीस्टार्ट होऊ शकतो. लिहिता लिहिता वीज गेलेल्या रेड-५मध्ये मजकूर आणि त्याची पॅरिटी (हरवलेला मजकूर परत काढून देणारा गणिती हिशेब) यांचा मेळ बिघडू शकतो, आणि तो बिघाड कळतो रीबिल्डच्या वेळी.

त्याच गूगलच्या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ज्याला स्मार्ट म्हणतात, तिच्यात मेलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी, तापमान सोडलं तर, एकही वाईट खूण दाखवलेली नव्हती. उलट, वाचताना पहिली चूक नोंदली गेलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. याचा अर्थ, स्मार्टने ओरड केली तर ताबडतोब ऐकावं. ते गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नये. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी दाखवलं, की ‘दहा लाख तासांत एक बिघाड’ या माहितीपत्रकातल्या आकड्यावरून वर्षाला ०.८८ टक्के डिस्क जायला हव्यात, पण प्रत्यक्ष ठिकाणी २ ते ४ टक्के बदलाव्या लागणं सर्रास होतं.

राहिल्या कंपन्यांच्या कंपॅटिबिलिटी याद्या. आम्ही हे मॉडेल लावून पाहिलं, चाललं, एवढंच सांगणारी यादी कामाची असते. तीच यादी कुलूप झाली की मात्र सावध व्हावं. एप्रिल २०२५मध्ये सिनॉलॉजीने जाहीर केलं, की त्या वर्षीच्या प्लस मालिकेत कंपनीच्याच किंवा तिने प्रमाणित केलेल्या डिस्कांना पूर्ण साथ मिळेल. कंपनी स्वतः डिस्क बनवत नाही. दुसऱ्यांच्या कारखान्यातून आलेल्या डिस्कवर आपलं फर्मवेअर आणि आपलं लेबल चढवते. ग्राहक चिडले, आणि ऑक्टोबरमध्ये डीएसएम या आपल्या प्रणालीच्या ७.३ आवृत्तीबरोबर कंपनीने हा निर्बंध बराचसा मागे घेतला. तरीही त्याच कंपनीची एक बाजू मांडायला हवी: तिच्या डब्यात आत लिनक्सचं नेहमीचं रेडच असतं. डबा जळाला तर डिस्क काढून लिनक्सच्या पीसीला लावून डेटा वाचता येतो. ड्रोबो ही कंपनी एके काळी वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क एकत्र घेणाऱ्या डब्यांसाठी नावाजलेली होती. तिची पद्धत गुप्त होती. २०२२मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, २०२३मध्ये गाशा गुंडाळला. डब्यात डिस्क धडधाकट आणि डबा बिघडलेला, अशा ग्राहकाने दुसरा जुना ड्रोबो शोधायचा. म्हणून कंपॅटिबिलिटीचा प्रश्न उलट बाजूनेही विचारावा. हा डबा माझी डिस्क घेईल का, हे पाहताना माझी डिस्क या डब्याबाहेर वाचता येईल का, तेही पाहावं.

नवी म्हणून घेतलेली डिस्क नवी असेलच, असंही नाही. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या हजारो तास वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. चिया या आभासी नाण्याच्या खाणकामातून त्या आल्या असाव्यात, असा माग निघाला. स्मार्टमधला तासांचा आकडा शून्यावर आणलेला होता, पण सीगेटच्या डिस्कांत ‘फार्म’ नावाची दुसरी नोंद असते आणि तिच्यात खरे तास तसेच होते. डिस्क घरी आणल्यावर दोन्ही आकडे ताडून पाहायला दोन मिनिटं लागतात. संचात घालण्यापूर्वी तिची पूर्ण चाचणी करावी हेही मी सुचवेन, मात्र धीर हवा. ‘बॅडब्लॉक्स’ चार नमुने लिहितो आणि प्रत्येक परत वाचतो, म्हणजे आठ फेऱ्या. १६ टीबीला आठवडा जातो. पण पहिल्या आठवड्यात मरायची ती डिस्क वॉरंटीत, रिकामी असताना मेलेली बरी.

रेड म्हणजे बॅकअप, या समजुतीवर मी वेगळं प्रकरण लिहिलेलं नाही. चुकून डिलीट केलेली फाइल चारही डिस्कांवरून एकदम डिलीट होते, एवढं सांगितलं की पुरे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम पाळावा: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर.

या पुस्तकात किमती छापलेल्या नाहीत. २०११मध्ये थायलंडमध्ये पूर आला, अयुथयाजवळचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्क महागल्या. २०२१मध्ये चियाने पुन्हा तेच केलं. छापलेली किंमत पुस्तक बाजारात येईपर्यंत टिकत नाही. हिशेबाची रीत मात्र देतो. डिस्कची किंमत भागिले तिच्यावर लिहिलेले टीबी, असं करू नये. समजा ८ टीबीच्या चार डिस्क आहेत आणि त्यांतली एकीएवढी जागा पॅरिटीला जाते. उरले २४ टीबी, जे संगणक २१.८ म्हणून दाखवतो. कपाटात एक सुटी डिस्क ठेवायची आहेच, म्हणजे खर्च पाच डिस्कांचा. तेव्हा पाच डिस्कांची किंमत भागिले २१.८. हा आकडा खिशाला परवडत नसेल तर दोन मोठ्या डिस्कांची आरशासारखी जोडी लावावी आणि उरलेल्या पैशांत बॅकअपसाठी तिसरी घ्यावी. बहुतेक घरांना मी हेच सुचवतो.